रसायनशाळा आणि न्यायासन

इचलकरंजीचें नांव निघालें कीं कापड डोळ्यांपुढें उभें राहतें. पंचगंगेच्या कांठच्या या जहागिरीच्या गांवीं १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला, आणि नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयानें तो धंदा वाढत गेला. तेव्हांपासून या गांवच्या माणसाची नजर कापडावर बसलेली आहे. कापड हातीं आलें कीं तो तें उलटून पाहतो, सूत पाहतो, कांठ पाहतो. आणि डाग दिसला कीं विचारतो, हा कशाचा, कोणाच्या हातचा, आणि लागला कसा? न्यायाच्या कामांतही कापडाला हेच तीन प्रश्न विचारले जातात. फरक एवढाच कीं, मागावरच्या डागानें मालाची किंमत उतरते, तर न्यायासनापुढच्या डागावर एखाद्या स्त्रीची अब्रू आणि एखाद्या पुरुषाची मान अवलंबून असते.

स्त्रीवर बलात्कार झाल्याची फिर्याद येते तेव्हां बहुधा दुसरा साक्षीदार नसतो. असला अपराध चारचौघांसमक्ष घडत नाहीं. मग तिच्या अंगावरचीं वस्त्रें, अंथरुणाची चादर, जागेवरची माती हेच मुके साक्षीदार राहतात, आणि त्यांना बोलतें करण्याचें काम रसायनशाळेकडे येतें. हा विषय घरांत चारचौघांत बोलण्याचा नव्हे अशी समजूत फार दिवसांची आहे. परंतु त्या मौनानें ज्यांची हानि झाली त्या बहुतेक सर्व तक्रार करणाऱ्या स्त्रिया व मुलीच होत्या. म्हणून मर्यादा सांभाळून कां होईना, पण तो बोलला पाहिजे.

डाग कशाचा, हा पहिला प्रश्न. डाग कोणाचा, हा दुसरा. आणि जें घडलें तें स्त्रीच्या मनाविरुद्ध घडलें काय, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचें बरेचसें उत्तर रसायनशाळेनें एकोणिसाव्या शतकांतच मिळविलें. दुसऱ्याचें खात्रीचें उत्तर तिला १९८४ नंतर देतां येऊं लागलें. तिसऱ्याचें उत्तर ती आजही देत नाहीं, आणि तें देणें तिचें कामही नव्हे. हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत याचें भान सुटलें म्हणजे काय अनर्थ होतो, तें या विद्येच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

हिंदुस्थानांत सरकारी रासायनिक परीक्षकाची पहिली प्रयोगशाळा १८४९ सालीं मद्रासेस निघाली. त्यामागून १८५३ सालीं कलकत्त्यास, १८६४ सालीं आग्र्यास आणि १८७० सालीं मुंबईस अशा प्रयोगशाळा निघाल्या. मुंबईच्या अधिकाऱ्याचा हुद्दा 'केमिकल ॲनालायझर' असा होता. तो काळ गेला, राज्य गेलें, खात्याचें नांवही बदलून 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' असें झालें. तरी त्या जुन्या हुद्द्याचीं आद्याक्षरें महाराष्ट्राच्या पोलिसांच्या तोंडून गेलेलीं नाहींत. प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला काय, असें विचारावयाचें असलें म्हणजे फौजदार अजूनही 'सी. ए. रिपोर्ट आला का?' असेंच विचारतो.

त्या काळीं या अधिकाऱ्यांपुढें येणारें मुख्य काम विषप्रयोगाचें असे. सोमल, धोतरा आणि अफू यांचे नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतून मोहोरबंद होऊन येत. मुंबईच्या प्रयोगशाळेचें नांव सर्वतोमुखीं झालें तें बडोद्याच्या प्रकरणानें. ९ नोव्हेंबर १८७४ रोजीं बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनीं पपनसाचें सरबत थोडें घेतलें, आणि चव निराळी लागल्यामुळें उरलेलें बाहेर फेंकून दिलें. पेल्याच्या तळाशीं जो गाळ राहिला तो रेसिडेन्सीच्या डॉक्टरानें पाहिला व पुढें मुंबईस डॉ. ग्रे यांच्याकडे धाडला. त्यांत सोमल असल्याचें डॉ. ग्रे यांनीं सांगितलें. पेल्यांत काय होतें याचें उत्तर मिळालें. परंतु तें कोणी व कोणाच्या सांगण्यावरून घातलें, हें रसायनशाळेला सांगतां येण्यासारखें नव्हतें. १८७५ सालच्या चौकशी कमिशनांत तीन युरोपियन सभासदांनीं मल्हारराव गायकवाडांना दोषी धरलें. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना आरोप शाबीत झाला असें वाटलें नाहीं. रसायनशाळेनें 'काय' सांगितलें, 'कोण' याविषयीं मात्र मतें दुभंगलीं. पुढील शंभर वर्षें या विद्येची स्थिति पुष्कळ अंशीं अशीच राहिली.

बलात्काराच्या खटल्यांत प्रयोगशाळेपुढें येणारा डाग बहुधा वीर्याचा किंवा रक्ताचा असतो. वाळलेला डाग वीर्याचाच आहे हें ओळखण्याची भरंवशाची रीत फ्रान्समध्यें बायार नांवाच्या वैद्यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केली. डागाचा तुकडा भिजवून त्यांतील शुक्रजंतु सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं डोळ्यांनीं पाहावयाचा, ही ती रीत. एक जरी अखंड शुक्रजंतु दिसला तरी शंका उरत नाहीं. पण तो फार नाजूक. कापड चोळलें, धुतलें किंवा ओलें ठेवून कुजूं दिलें, तर तो मोडून जातो. १८९६ सालीं लियों शहराच्या फ्लोरान्स या प्राध्यापकानें एक रासायनिक परीक्षा काढली. आयोडिनाचा द्राव डागाच्या अर्कावर सोडला कीं तपकिरी स्फटिक दिसतात. सोय झाली खरी. पण तसे स्फटिक इतर कांहीं पदार्थांपासूनही होतात हें लवकरच कळून आलें, व ही परीक्षा संशय घेण्यापुरती राहिली, निश्चयापुरती नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वीर्यांत विपुल असणाऱ्या ॲसिड फॉस्फेटेज या द्रव्याची परीक्षा आली. ज्याची नसबंदी झाली आहे त्याच्या वीर्यांत शुक्रजंतु नसतात, तेथें ही उपयोगी पडते.

रक्ताच्या बाबतींत १९०१ हें साल मोठें भाग्याचें ठरलें. आरोपी सांगे, माझ्या धोतरावरचें रक्त कोंबड्याचें आहे, आणि तें खोडून काढण्याचा उपाय नसे. त्या वर्षीं जर्मनींत ऊलेनहूट यानें सशाच्या रक्तापासून केलेल्या लसीनें माणसाचें रक्त व जनावराचें रक्त वेगळें ओळखून दाखविलें. त्याच वर्षीं व्हिएन्ना येथें लांडस्टायनर यानें माणसामाणसांच्या रक्ताचे गट असतात हा शोध प्रसिद्ध केला. पुढें असें आढळलें कीं, शेंकडा सुमारें ऐंशी माणसांच्या लाळेंत व वीर्यांतही त्यांचा रक्तगट उतरतो. 'कोणाचा' या प्रश्नाकडे टाकलेलें हें पहिलें पाऊल होय.

पण तें पाऊल आंखूडच होतें. आपल्या देशांत ढोबळ मानानें दर तीन माणसांत एकाचा गट 'ओ' व एकाचा 'बी' असतो. डागाचा गट 'बी' व आरोपीचा गटही 'बी' निघाला, तर त्यावरून एवढेंच ठरे कीं डाग त्याचा असूं शकेल. आणि त्या गांवांतील आणखी तिसऱ्या हिश्श्याच्या पुरुषांचाही असूं शकेल. गट जुळला नाहीं तर मात्र निरपराध्याची सुटका होई. म्हणजे रक्तगट हा सोडविणारा साक्षीदार होता, पकडून देणारा नव्हता.

प्रयोगशाळेला जें सांगतां येत नव्हतें त्याची भरपाई न्यायालयें कशानें करीत? दुर्दैवानें, बहुधा स्त्रीच्या शरीरानें व शीलानें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत असें एक कलम होतें कीं, बलात्काराच्या खटल्यांत फिर्यादी स्त्री सामान्यतः बदचालीची आहे असें दाखवून तिची साक्ष डळमळीत करतां यावी. डॉक्टरही आपल्या दाखल्यांत तिच्या शरीराची दोन बोटांनीं परीक्षा करून ती 'संवयीची' आहे कीं नाहीं हें लिहीत. ज्या डागाचा धनी सांपडत नव्हता त्याबद्दलचे प्रश्न, ज्या कापडावर तो पडला त्या कापडाच्या मालकिणीला विचारले जात. आणि तिच्या अंगावर जखम नाहीं, प्रयोगशाळेंत कांहीं सांपडलें नाहीं, एवढ्यावरून ती खोटें बोलते असा निष्कर्ष काढला जाई.

याचें सर्वांत दुःखद उदाहरण महाराष्ट्रांतीलच आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं, तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील व आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका अनाथ आदिवासी मुलीला जबाबासाठीं आणलें होतें. ती मोलमजुरी करून भावाजवळ राहत असे. डॉक्टरांच्या मतें तिचें वय चौदा ते सोळा वर्षांचें होतें. जबाब संपल्यावर बाकीच्यांना बाहेर जावयास सांगून तिला आंत थांबविण्यात आलें. बाहेर आल्यावर तिनें सांगितलें कीं, एका शिपायानें बलात्कार केला व एका हवालदारानें विनयभंग केला. ठाण्याबाहेर जमाव जमला, व मग कोठें फिर्याद नोंदली गेली. हा खटला कायद्याच्या ग्रंथांत 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नांवानें सांपडतो. लोकांच्या बोलण्यांत मात्र तो त्या मुलीच्याच नांवानें रूढ झाला. तें नांव येथें उच्चारण्याचें कारण नाहीं.

मुलीची वैद्यकीय तपासणी झाली ती घटनेनंतर सुमारें वीस तासांनीं, दुसऱ्या दिवशीं रात्रीं आठ वाजतां. अंगावर जखम आढळली नाहीं. दोन बोटांची परीक्षाही झाली व ती दाखल्यांत लिहिली गेली. शरीरांतून घेतलेले नमुने कांचपट्ट्यांवर घालून रासायनिक परीक्षकाकडे धाडले. त्यांत वीर्याचा अंश मिळाला नाहीं. परंतु मुलीच्या कपड्यांवर तो मिळाला, आणि शिपायाच्या अंगावरून उतरविलेल्या पायजम्यावरही मिळाला. शरीरानें जें वीस तासांत गमावलें तें कापडानें राखून ठेवलें होतें.

मात्र त्या काळीं प्रयोगशाळेची मजल 'कशाचा' येथवरच होती. दोन कपड्यांवरचे ते दोन डाग एकाच माणसाचे, आणि तो माणूस अमुकच, असें छातीठोकपणें सांगणारी विद्या १९७२ सालीं जगांत कोठेंच नव्हती. तथापि खटला बुडाला तो एवढ्यामुळें नव्हे. चंद्रपूरच्या सेशन्स न्यायालयानें १ जून १९७४ रोजीं आरोपींना सोडलें. तेव्हांही, ठाण्यांत शरीरसंबंध घडला असावा व तो बहुधा त्या शिपायाशींच घडला असावा, इथपर्यंत न्यायाधीश आले होते. पण शरीरसंबंध व बलात्कार यांत महदंतर आहे, मुलगी संवयीची आहे, आणि तिची संमति होती, असा त्यांनीं निर्णय दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं तो फिरविला. तपासणीस वीस तास लागले व मधल्या वेळांत मुलीनें अंघोळ केली असण्याचा संभव आहे, म्हणून कांचपट्टीवर कांहीं न मिळणें हें तिच्या विरुद्ध जात नाहीं. आणि भीतीनें गप्प राहणें म्हणजे संमति नव्हे, असें त्यांनीं म्हटलें व शिपायाला पांच वर्षांची, हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली. परंतु १५ सप्टेंबर १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहींत या मुख्य कारणास्तव, दोघांनाही मुक्त केलें.

एक वर्षानें, १६ सप्टेंबर १९७९ रोजीं, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. रात्रीच्या वेळीं पोलीस ठाण्यांत सांपडलेल्या गरीब मुलीचें मौन हें संमति कसें मानावें, असा त्या पत्राचा रोख होता. त्यावरून देशभर स्त्रियांच्या सभा व मोर्चे झाले, आणि १९८३ सालीं कायदा सुधारला. पोलीस कोठडींत किंवा अशाच अधिकाराच्या जागीं संबंध घडल्याचें शाबीत झालें व स्त्रीनें शपथेवर नकार सांगितला, तर संमति नव्हती असेंच न्यायालयानें गृहीत धरावें, असें ठरलें. पीडित स्त्रीचें नांव छापणें हा गुन्हा ठरला. देसाईगंजच्या मुलीला स्वतःला या सुधारणेचा कांहीं लाभ झाला नाहीं. तिच्यानंतरच्या मुलींना झाला.

कायद्यानें तिसऱ्या प्रश्नाची व्यवस्था लावली, आणि लगेच पुढच्या वर्षीं विज्ञानानें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधून काढलें. सप्टेंबर १९८४ मध्यें इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठांत ॲलेक जेफ्रीज यांस असें दिसून आलें कीं, माणसाच्या पेशींतील डी. एन. ए. या आनुवंशिक द्रव्याचे कांहीं भाग माणसागणिक इतके निराळे असतात कीं त्यांवरून व्यक्ति ओळखावी. जुळे भाऊ एकाच बीजापासून झालेले असले तर तेवढे त्याला अपवाद. त्याच लेस्टरजवळच्या खेड्यांत १९८३ व १९८६ सालीं दोन शाळकरी मुलींवर बलात्कार होऊन त्यांचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलानें दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांनीं डाग तपासले तेव्हां दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे ठरले, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे हेंही ठरलें. म्हणजे या विद्येनें पहिलें काम केलें तें कबुली देऊन बसलेल्या एका निरपराध्याला सोडविण्याचें. मग आसपासच्या सुमारें पांच हजार पुरुषांचे नमुने घेण्यात आले. खऱ्या अपराध्यानें आपल्याऐवजीं सोबत्याला पुढें केलें. तें बिंग एका दारूच्या गुत्त्यांतील गप्पांत फुटलें. तो पकडला गेला, आणि जानेवारी १९८८ मध्यें त्यास जन्मठेप झाली. विद्या कितीही अचूक असली तरी शेवटीं ती माणसाच्या प्रामाणिक साक्षीवांचून अडते, हेंही त्यांतून दिसलें.

हिंदुस्थानांत ही विद्या आणण्याचें श्रेय हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रांतील डॉ. लालजी सिंग यांच्याकडे जातें. मण्यार जातीच्या सापाच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करतांना मिळालेल्या धाग्याचाच त्यांनीं १९८८ च्या सुमारास माणसें ओळखण्याकडे उपयोग करून घेतला. हळूहळू राज्याराज्यांच्या प्रयोगशाळांत ही परीक्षा होऊं लागली. महाराष्ट्रांत मुंबईच्या कलिना येथें मुख्य प्रयोगशाळा आहे. नागपूर, पुणें, नाशिक आदि ठिकाणांप्रमाणें कोल्हापुरासही आतां प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. इचलकरंजीच्या ठाण्यांतील मुद्देमाल एके काळीं पुण्या-मुंबईची वाट धरीत असे. आज प्रयोगशाळा तासाभराच्या अंतरावर आली आहे.

ही परीक्षा चालते कशी, तें थोडक्यांत असें. डागांत बहुधा स्त्रीच्या व पुरुषाच्या पेशी मिसळलेल्या असतात. शुक्रजंतूचें कवच चिवट असतें. म्हणून आधीं सौम्य द्रावानें स्त्रीच्या पेशी फोडून काढून घेतात, व मागाहून दुसरें रसायन घालून शुक्रजंतु फोडतात. ही युक्ति १९८५ सालीं निघाली व तिच्यामुळेंच बलात्काराच्या खटल्यांत या विद्येचा उपयोग होऊं शकला. मग त्या द्रव्याच्या ठरावीक वीसएक जागा तपासून आरोपीच्या रक्ताशीं ताडून पाहतात. सर्व जागा जुळल्या तर तो डाग दुसऱ्या कोणाचा असण्याचा संभव नसल्यासारखाच असतो. एक जागा जरी निश्चितपणें विसंगत ठरली तरी माणूस निराळा. शुक्रजंतु मुळींच नसले तर केवळ पुरुषांत असणाऱ्या 'वाय' गुणसूत्राच्या खुणा पाहतात. मात्र येथें एक सावधगिरी हवी. या खुणा बापाकडून मुलाकडे जशाच्या तशा जातात. चुलत्या-पुतण्यांच्या, सख्ख्या-चुलत भावांच्या खुणा सारख्याच निघतात. खेड्यांत एका भाऊकीचीं वीस घरें असलीं तर त्या खुणेवरून भाऊकी कळेल, भाऊ कळणार नाहीं.

प्रयोगशाळा इतकी समर्थ झाली, तरी खटले बुडण्याचें थांबलें नाहीं. कारण प्रयोगशाळेंत पोंचण्यापूर्वीं डागाला एक प्रवास करावा लागतो, आणि त्या प्रवासांत तो बिघडूं शकतो. ठाणें जिल्ह्यांत जून २०१० मध्यें सहा वर्षांच्या एका बालिकेवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. सेशन्स न्यायालयानें आरोपीस फांशी दिली, उच्च न्यायालयानें ती कायम केली. आणि १९ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास मुक्त केलें. नमुने घेतल्यापासून प्रयोगशाळेंत पोंचेपर्यंत लागलेल्या विलंबाचा खुलासा नव्हता, मधल्या काळांत ते कोणाच्या व कशा स्थितींत होते याचा भरंवसा नव्हता, आणि तेवढ्यामुळें डी. एन. ए. चा अहवाल पांगळा ठरला. त्या बालिकेला न्याय मिळाला नाहीं. आणि तो पुरुष अपराधी नसेल, तर त्याचीं तुरुंगांत गेलेलीं वर्षेंही कोणी परत देणार नाहीं. एका लाखेच्या मोहोरेची व एका तारखेच्या नोंदीची किंमत इतकी असते. म्हणूनच जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें देशभरासाठीं नियम घालून दिले. डी. एन. ए. चे नमुने अठ्ठेचाळीस तासांच्या आंत प्रयोगशाळेंत पोंचावे, प्रत्येक हस्तांतराची नोंद वहींत व्हावी, आणि न्यायालयाच्या हुकुमावांचून पुडकें उघडूं नये, असे ते नियम आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या फौजदारी संहितेनेंही सात वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानें जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा असें सांगितलें आहे. त्याची पुरी व्यवस्था लावण्यास राज्यांना पांच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे.

डॉक्टरांच्या तपासणींतही सुधारणा झाली, व तींत महाराष्ट्राचा वांटा आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं २०१० सालीं या तपासण्यांतील दोष दाखविणारा अहवाल तयार केला. शीलावर बोट ठेवणारें तें जुनें कलम २००३ सालीं रद्द झालें. दोन बोटांची परीक्षा स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं सांगितलें, आणि अशी परीक्षा करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असें ऑक्टोबर २०२२ मध्यें बजावलें. तिच्यामागें शास्त्र नव्हतेंच. होता तो केवळ रिवाज.

आतां, ज्या घरावर असला प्रसंग ओढवेल त्या घरानें काय करावें, हेंही श्रोत्यांना ठाऊक असलें पाहिजे. पहिली गोष्ट, स्त्रीला वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे. प्रत्येक इस्पितळानें, सरकारी असो वा खासगी, तिच्यावर विनामूल्य प्रथमोपचार तत्काळ केले पाहिजेत. फिर्याद अजून नोंदली नाहीं हें कारण सांगून तिला परत पाठवितां येत नाहीं. तपासणी तिच्या संमतीनेंच होते. शरीरावरचा अंश सामान्यतः पहिल्या चार दिवसांपर्यंत मिळण्याची आशा असते, व जितका उशीर तितकी ती कमी. म्हणून शक्य असेल तर तपासणीपूर्वीं अंघोळ करूं नये व कपडे धुवूं नयेत. अंगावरचे कपडे ओले असतील तर सावलींत वाळवून कागदांत गुंडाळावे. प्लॅस्टिकच्या पिशवींत ते घामेजून कुजतात व डाग मरतो. पण अंघोळ झाली, कपडे धुतले गेले, दिवस उलटले, म्हणून तक्रार व्यर्थ झाली असें मानूं नये. वाळलेला डाग सुतांत वर्षानुवर्षें टिकल्याचीं उदाहरणें आहेत. आणि डाग मुळींच मिळाला नाहीं, तरी स्त्रीची विश्वसनीय साक्ष हा स्वतंत्र पुरावा आहे, हें आपलीं न्यायालयें पुनःपुन्हां सांगत आलीं आहेत.

येथेंच या सर्व इतिहासाचें सार आहे. रसायनशाळेनें 'मिळालें' म्हटलें तर तो फार मोठा पुरावा आहे. तिनें 'मिळालें नाहीं' म्हटलें तर त्याचा अर्थ एवढाच कीं तिला मिळालें नाहीं. घडलेंच नाहीं, असा त्याचा अर्थ होत नाहीं. देसाईगंजच्या मुलीच्या कपाळीं जें आलें तें प्रयोगशाळेच्या चुकीनें आलें नाहीं. प्रयोगशाळेनें आपलें काम प्रामाणिकपणें केलें होतें. कांचपट्टी कोरी होती तेथें कोरी म्हटलें, कापडावर डाग होता तेथें आहे म्हटलें. चुकलें तें, तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जेथें नव्हतें तेथें, मुलीच्या शरीरावरच्या जखमांत, शोधणारांचें.

इचलकरंजीच्या मागावरून उतरणारें कापड कोणाच्या अंगावर जाईल हें विणणाराला ठाऊक नसतें. तें लग्नांत नेसलें जाईल, शाळेच्या गणवेशांत शिवलें जाईल, आणि एखादे वेळीं लाखेची मोहोर लागून न्यायालयाच्या टेबलावरही येईल. तेथें तें आल्यावर, डाग कोणाचा हें सांगण्याची विद्या आतां माणसाच्या हातीं आहे. त्या वस्त्राच्या मालकिणीचें म्हणणें ऐकून घेणें हें मात्र कोणत्याही यंत्राकडे सोंपवितां येणार नाहीं. तें न्यायासनाचें व समाजाचें काम आहे, व तें त्यांनींच केलें पाहिजे.